दोन पावलांचा फोटो

“कागद घट्ट धर. हलवलास तर कान पिळीन.”

“मी नाही हलवत, पंखा हलवतोय,” ढब्बू म्हणाला.

पट्टीने उठून पंखा बंद केला आणि पुन्हा जमिनीवर पालथी पडून त्या वर्तमानपत्रावर डोळे रोखले. गादीखाली आईने लपवलेला हा अंक तिने आज, आई बाजारात गेल्यावर, हळूच काढला होता. सुट्टी लागून पाच दिवस झाले होते. वर्गातली मुलं पोहायला जात होती, क्रिकेट खेळत होती, आणि ह्यांच्या घरात चौदा दिवस कुणी मोठ्याने बोललंही नव्हतं. बाबा खिडकीशी बसून राहायचे. जेवायला हाक मारली की यायचे, दोन घास खाऊन उठायचे.

तिला फूटपट्टी म्हणायचे ते तिच्या उंचीमुळे. उंच, काटकुळी, थेट बापाच्या वळणावर गेलेली. वर्गाने लाडाने दिलेलं नाव झिजून ‘पट्टी’ झालं होतं. धाकट्याला ढब्बू का म्हणायचे, ते त्याच्याकडे बघितलं की कळायचं.

फोटो पहिल्याच पानावर होता. लोखंडी नळांच्या यार्डात एक कामगार वाकलाय, त्याच्या डोक्यावर क्रेनला नळांचा भारा लटकतोय, आणि त्याच्या अगदी शेजारी, नळांच्या ढिगामागून छातीपर्यंत दिसणारे बाबा, एक हात वर करून उभे आहेत. फोटो काढला त्यानंतर दोनच सेकंदांत भाऱ्याचा दोर सटकला आणि तो कामगार गेला. खाली ठळक अक्षरांत छापलं होतं: ‘मरण दोन पावलांवर, इशारेवाला बघत राहिला.’

इशारेवाला म्हणजे बाबा. क्रेनवाला उंच केबिनमध्ये बसतो, त्याला खालचं सगळं दिसत नाही. म्हणून खाली एक माणूस हातांनी खुणा करतो: उचल, थांब, उतरव. बाबा अठरा वर्षं हेच काम करत होते. ते सांगत होते की मी माझ्या जागेवर, दूर त्या पिवळ्या गोलात उभा होतो, मध्ये ढीग होता, मला तो कोपरा दिसतच नव्हता. यार्डाचा मुकादम सांगत होता की त्या दिवशी मी ह्याला कोपऱ्यावरच उभं केलं होतं, वाकलेला माणूस ह्याच्या डोळ्यांसमोर होता, तरी ह्याने ‘उचल’ची खूण केली. एक म्हणतो हो, दुसरा म्हणतो नाही. अशा वेळी लोक फोटोकडे बघतात, आणि फोटोत तर बाबा दोन पावलांवर होते. सोमवारी सरकारी सुरक्षा खात्याच्या बाई चौकशीला येणार होत्या. त्यांनीही तेच मानलं तर बाबांची नोकरी जाणार होती, आणि वर तुरुंग.

सगळ्यात वाईट गोष्ट वेगळीच होती. हा फोटो काढला होता पट्टीच्या सख्ख्या मामाने. आई म्हणाली होती, “कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ,” आणि मामाकडे जायचं नाही अशी सक्त ताकीद दिली होती.

“ताई, बाबांचं डोकं आटलं का गं?” ढब्बूने विचारलं.

“काय बरळतोस?”

“बघ ना. बाबांचं हेल्मेट केवढंसं दिसतंय.”

पट्टी हसणार होती, पण हसू ओठातच राहिलं. बाबांचं डोकं मोठं होतं. घरात त्यावरून विनोद चालायचे, हेल्मेटचा आतला पट्टा त्यांना शेवटच्या भोकात लावावा लागायचा. पण बाहेरून सगळी हेल्मेटं एकाच साच्यातली, एकाच मापाची. बाबांनीच सांगितलं होतं.

“माझ्या दप्तरातली पट्टी आण.”

वाकलेल्या कामगाराचं हेल्मेट भरलं बारा मिलिमीटर. बाबांचं भरलं आठ. तिने तीनदा मोजलं. तिन्ही वेळा बारा आणि आठ.

“दोन पावलांवर उभ्या असलेल्या माणसाचं हेल्मेट एवढं लहान होतं का रे?”

“धुवायला टाकलं असेल,” ढब्बू म्हणाला.

पट्टीने अंकाची घडी केली, मोजपट्टीसकट फ्रॉकच्या खिशात कोंबली आणि चपला पायात सरकवल्या. आईची ताकीद तिला आठवत होती. आठवली म्हणून तर ती मागच्या दाराने निघाली.

*

मामाचा मुलगा तिच्याहून वर्षाने मोठा होता. जाड काचांचा चष्मा, म्हणून सगळे त्याला ढापण्या म्हणायचे. दार त्यानेच उघडलं आणि दोघांना पाहून आधी गल्लीकडे बघितलं.

“आत्याने पाठवलं?”

“आईला माहीतच नाही. तू आधी हे बघ.”

बारा आणि आठ ऐकून ढापण्याने चष्मा कपाळावर चढवला आणि फोटो नाकाजवळ नेला. मग तो हळूच म्हणाला, “अगं, हे तर लेन्सचं काम आहे.”

“म्हणजे?”

“लांबून फोटो काढून जवळ ओढला की मागचं पुढच्याला चिकटल्यासारखं दिसतं. माझ्या बाबाने मला पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. चल, दाखवतो. हात नको लावूस पण.”

मामाच्या खोलीत कपाटाखाली झाकण घट्ट बसणारा एक मोठा डबा होता. आत ओल शोषणाऱ्या पुड्या पेरलेल्या आणि मध्ये मऊ कापडात गुंडाळलेली ती लेन्स. हातभर लांब, दीड किलोची. पुढची काच एवढी मोठी की पट्टीला त्यात आपला अख्खा चेहरा दिसला. मामाने मोटरसायकल विकून ती घेतली होती आणि तेव्हापासून तो सायकलवर फिरत होता. लेन्सला बुरशी लागू नये म्हणून तो रोज त्या पुड्या तपासायचा. मामी म्हणायची, एवढी काळजी माझी घेतली असती तर मी पुन्हा विशीची झाले असते. आता मात्र डब्यावर धूळ होती. पट्टीला त्या धुळीचं आश्चर्य वाटलं.

ढापण्याने ती कॅमेऱ्याला लावून खिडकीच्या कट्ट्यावर टेकवली. पट्टीने डोळा लावला. आत बारीक गुणगुण झाली आणि गल्लीच्या टोकाचा शिंपी एकदम समोर आला. सुईत दोरा ओवताना त्याने जीभ बाहेर काढली होती, तीसुद्धा दिसली. त्याच्या खांद्याला लागून कुलूपवाला बसला होता. तिने डोळा काढला. शिंपी आणि कुलूपवाला यांच्यात पाच दुकानं होती. पुन्हा डोळा लावला, तर दोघं एकाच बाकावर बसल्यासारखे.

“आई गं,” ती म्हणाली.

“आणि ही नुसती लांबची लेन्स नाही. हिची बाहुली केवढी उघडते बघ. डोळ्याची बाहुली अंधारात उघडते ना, तशी. कमी उजेडात पळत्या माणसाचा फोटो काढायचा तर हीच पाहिजे. पण पूर्ण उघडली की ज्याच्यावर नेम धरलाय तेवढंच कोरल्यासारखं येतं. पुढचं-मागचं पुसट.”

“बाबा पुसट आहेत?”

“छापील फोटोत कळणार नाही. मूळ फोटोत कळेल.”

“पुसट आहेत,” दारातून आवाज आला.

मामा केव्हा आला होता कुणास ठाऊक. दाढी वाढलेली, डोळे खोल. पट्टी कट्ट्यापासून मागे झाली. मामा रागावला नाही. रागावला असता तर बरं वाटलं असतं तिला.

“मूळ फोटोत तुझे बाबा पुसट आहेत. मला माहीत होतं ते. नव्या क्रेनचा फोटो हवा म्हणून वर्तमानपत्राने मला पाठवलं होतं. पंपघराच्या गच्चीवरून काढला. ते ढिगापलीकडे होते, मी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं.”

“मग तू सांगितलं का नाहीस?” पट्टीचा आवाज चिरकला. “चौदा दिवस झाले, मामा.”

“त्याच संध्याकाळी यार्डाच्या कंपनीने मला विचारलं, फोटो खरा आहे का. मी म्हटलं खरा आहे, आणि सही केली. मला वाटलं, ते खाडाखोडीबद्दल विचारतायत. लांबच्या लेन्समध्ये अंतर मिटतं हे मला इतकं अंगवळणी पडलंय की लोक तो फोटो बघून दोन पावलं मोजतील, असं डोक्यातच आलं नाही. खालची ओळ दुसऱ्याने लिहिली. मी ती दुसऱ्या दिवशी सकाळी, छापून आल्यावर वाचली. मग सांगायला गेलो, तर मुकादम म्हणाला, मेहुण्याला वाचवायला आलात का? आणि तुझ्या आईने मला दारातून परत पाठवलं.”

तो खाली बसला. पट्टीने कधी मोठ्या माणसाला असं मटकन बसताना पाहिलं नव्हतं. तिला त्याचा राग आला होता आणि रडूही येत होतं. तिने खिशातून पट्टी काढली आणि फोटोवर ठेवली. मामाने बारा वाचलं. आठ वाचलं.

“व्यस्त प्रमाण,” तो पुटपुटला. “गच्चीपासून तो कोपरा एकशेवीस पावलं आहे.”

पट्टीने मनात गणित केलं. पाचवीतलंच गणित. हेल्मेट दोन तृतीयांश दिसतंय, तर माणूस दीडपट लांब. एकशेऐंशी. म्हणजे कामगार आणि बाबा यांच्यात साठ पावलं.

“दोन नव्हे, साठ,” ती म्हणाली.

“पण हे सगळं तोंडी,” ढापण्या म्हणाला. “मुकादम म्हणेल पोरांनी पट्टी वाकडी धरली. फोटोला उत्तर फोटोनेच द्यायला पाहिजे. त्याच गच्चीवरून, त्याच लेन्सने, तसाच.”

“मला तिथे पाय ठेवू देत नाहीत,” मामा म्हणाला, “आणि तुम्ही तिकडे जायचं नाही. कळलं?”

“हो,” तिघंही एका सुरात म्हणाले.

पण रविवारी सकाळी ढापण्या उठला तेव्हा डबा टेबलावर होता, बॅटरी चार्ज केलेली होती, आणि मामा भल्या पहाटे सायकल घेऊन कुठेतरी गेला होता. डब्यावरची धूळ कुणीतरी पुसली होती.

*

त्याआधी शनिवारी पट्टीला सगळ्यात अवघड काम करायचं होतं. फोटोसाठी दोन हेल्मेटं लागणार होती. एक बाबांचं होतं. दुसरं फक्त एकाच घरात मिळणार होतं.

वेणी तिच्या बाकावरची. गुडघ्यापर्यंत केस, म्हणून वेणी. वाकलेला कामगार तिचे बाबा होते. चौदा दिवसांत दोघी एकमेकींशी बोलल्या नव्हत्या. परीक्षेच्या शेवटच्या पेपरला वेणी उठून मागच्या बाकावर जाऊन बसली होती.

“कशाला आलीस?” वेणीने दार अर्धंच उघडलं.

“एक दाखवायचंय.”

“मला काही बघायचं नाही. तुझ्या बाबांनी माझ्या बाबांना मरताना बघितलं. शेजारी उभं राहून.”

“नाही बघितलं. ते साठ पावलांवर होते.”

“सगळं गाव म्हणतंय दोन.”

“सगळ्या गावाने पट्टी लावली नाही.”

वेणीने दार लावून घेतलं नाही. पट्टीने उंबऱ्यावर बसून अंक पसरला आणि पट्टी तिच्या हातात दिली. वेणीने ती आपल्या बाबांच्या हेल्मेटवर ठेवली. तिने दोनदा मोजलं. मग तिने ती पट्टीच्या बाबांच्या हेल्मेटवर ठेवली.

“मुकादम म्हणतो माझे बाबा साखळी ओलांडून आत शिरले,” ती शेवटी म्हणाली. “वर भारा लटकत असला की कोपऱ्याच्या दोन खांबांना साखळी लावतात. ती ओलांडली म्हणे. चूक त्यांचीच म्हणे. माझे बाबा साखळी ओलांडणारे नव्हते गं. रस्ता ओलांडतानासुद्धा माझा हात सोडायचे नाहीत.”

“मग साखळी नसेलच लावलेली.”

“कोण मानेल?”

“ते मला माहीत नाही. पण उद्या त्या कोपऱ्यात कुणीतरी वाकायला पाहिजे. मी दुसऱ्या कुणाला सांगू शकत नाही.” पट्टीने मान खाली घातली. “तुला सांगणंही बरोबर नाही.”

वेणी आत गेली. परत आली तेव्हा तिच्या हातात पिवळं हेल्मेट होतं, कडेला थोडं खरचटलेलं.

“त्यांचं जुनं आहे. कितीला जायचं?”

*

रविवारी यार्ड बंद होतं. पुढच्या फाटकावर राखणदार रेडिओ लावून पेपर वाचत होता. मागच्या भिंतीला शेळ्यांनी मोठं केलेलं भगदाड होतं. चौघं त्यातून आत गेली. ढब्बू अडकला, त्याला पुढून दोघींनी ओढलं आणि मागून ढापण्याने ढकललं.

“तू इथेच राहा. कुणी आलं तर शिट्टी वाजव,” पट्टीने बजावलं.

“आणि कुणी नाही आलं तर?”

“तर तोंड बंद.”

अपघातानंतर तिथलं काही हलवलं नव्हतं. गंजके नळ तसेच रचलेले, क्रेन तशीच मान वाकवून उभी. ढापण्या लोखंडी शिडीने पंपघराच्या गच्चीवर चढला. पट्टी गच्चीच्या पायथ्यापासून एक एक पाऊल मोजत निघाली. कोपरा आला एकशे एकोणिसाव्या पावलाला. तिथे जमिनीवर वाळू टाकलेली होती. वेणीने वाळूकडे बघितलं आणि हेल्मेट डोक्यावर चढवलं. हनुवटीखालचा पट्टा तिला सैल होत होता. पट्टीने तिचा खांदा दाबला आणि ढिगाला वळसा घालून पुढे गेली.

वळशाची पावलं सोडून पिवळा गोल एकशे एक्याऐंशीव्या पावलावर होता. रंग घासून गेला होता, अठरा वर्षांच्या बुटांनी. बाबांच्या उंचीला यावं म्हणून तिने त्यात एक रिकामं खोकं ठेवलं, त्यावर चढली, बाबांचं हेल्मेट घातलं आणि हात वर केला. दूर गच्चीवर ढापण्या बोटाएवढा दिसत होता. ठरलं होतं की फोटो झाला की तो रुमाल हलवेल. तोवर जागचं हलायचं नाही.

कोपऱ्याकडे तिने बघितलं. नळ. नुसते नळ, एकावर एक. वेणी तिथे आहे हे माहीत असूनही वेणी दिसत नव्हती.

आणि तेवढ्यात कोपऱ्यातून पुरुषाचा आवाज आला. “ए पोरी! काय चाललंय इथे?”

मुकादमाचा आवाज. शिट्टी वाजली नव्हती. वेणी काहीतरी बोलली, ते शब्द पोचले नाहीत. काहीतरी लोखंडी खणखणलं. तिला धावत जायचं होतं, पण हात खाली आला तर फोटो गेला, आणि पुन्हा संधी नव्हती. ढिगापलीकडे आपल्या मैत्रिणीला काय होतंय ते तिला कळत नव्हतं. दिसत होते ते नळ. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. बाबांनी हेच बघितलं होतं. भारा पडल्याचा आवाज ऐकला असेल, आणि समोर हेच नळ.

गच्चीवर रुमाल हलला. पट्टी खोक्यावरून उडी मारून धावली.

ती पोचली तेव्हा मुकादमाने वेणीचा दंड धरला होता. त्याच्या डोक्यावर हेल्मेट होतं आणि दुसऱ्या खांद्यावर जाड लोखंडी साखळी लोंबत होती.

“माझे बाबा इथे पडले होते,” वेणी त्याच्या डोळ्यांत बघून म्हणाली. “मी ती जागा बघायला आले. बघू नको का?”

मुकादमाने चटका बसल्यासारखा हात सोडला. त्याने वाळूकडे बघितलं नाही. “जा, घरी जा दोघी. पुन्हा दिसलात तर तंगडी तोडीन,” तो म्हणाला, पण आवाजात दम नव्हता. गच्चीकडे त्याने मान वर करून बघितलंच नाही.

भगदाडापाशी ढब्बू रडवेला होऊन उभा होता. “मी फुंकली, ताई. शप्पथ फुंकली. पण दात पडलेत ना, नुसती हवाच गेली.”

“बरं झालं हवा गेली,” मागून धापा टाकत आलेला ढापण्या म्हणाला. लेन्स त्याने बाळासारखी छातीशी धरली होती. “शिट्टी वाजली असती तर तो फोटोत आलाच नसता.”

*

सोमवारी यार्डाच्या कचेरीत लांब टेबलामागे सुरक्षा खात्याच्या बाई बसल्या होत्या. केस पांढरे, बोलणं मोजकं. बाबा भिंतीपाशी उभे होते, मान खाली. आई त्यांच्याजवळ. मामा आत आला तेव्हा आईने तोंड फिरवलं. त्याच्यामागून मुलं आली तशी ती दचकली.

“मुलांचं इथे काय काम?” मुकादम म्हणाला.

“माझ्या फोटोबद्दल मला सांगायचंय,” मामा म्हणाला. “पण आधी हिला बोलू द्या. जे मला सुचायला हवं होतं ते हिला सुचलं.”

पट्टीने मामाने रात्री छापून आणलेला रविवारचा फोटो टेबलावर ठेवला. फोटोत वेणी वाकलेली होती, पट्टी हात वर करून तिच्या अगदी शेजारी होती, आणि दुसऱ्या बाजूला मुकादम.

“बाई, ह्यांना विचारा ना, फोटोतले हे तेच आहेत का.”

“मीच आहे,” मुकादम फणकारला. “काल ह्या कार्ट्यांना हाकलत होतो. आत शिरली होती चोरासारखी. ह्यांच्यावरच कारवाई करा आधी.”

“ह्या मुलीपासून तुम्ही किती अंतरावर होता?” बाईंनी विचारलं.

“असेन दोन पावलांवर.”

“आणि हात वर केलेली मुलगी?”

मुकादम फोटोकडे बघत राहिला. मग त्याच्या लक्षात आलं आणि त्याने तोंड मिटलं.

“मी पिवळ्या गोलात होते,” पट्टी म्हणाली. “साठ पावलांवर. ही घ्या पट्टी.”

बाईंनी चष्मा सारखा केला आणि मोजलं. वेणीचं हेल्मेट पंधरा मिलिमीटर. मुकादमाचं पंधरा. पट्टीचं दहा. मग त्यांनी वर्तमानपत्र पुढे ओढलं. बारा आणि आठ. त्यांनी कागदावर दोन भागाकार केले आणि त्यांच्याखाली रेघ मारली.

“हा पोरखेळ आहे,” मुकादम म्हणाला.

“असेल. पण दोन पावलांवरचा माणूस कसा दिसतो, ते तुम्हीच उभं राहून दाखवलंत.” बाई मामाकडे वळल्या. “तुमचा मूळ फोटो?”

मामाने संगणकावर तो उघडला, वर्तमानपत्राने कडा कापण्यापूर्वीचा. वाकलेल्या माणसाच्या सदऱ्याची बटणंसुद्धा मोजता येत होती. बाबांचा चेहरा मात्र ओल्या काचेतून बघावा तसा. “नेम ह्याच्यावर होता,” मामा म्हणाला. “शेजारी उभा असता तर तोही असाच कोरीव आला असता. मला फोटो खरा का एवढंच विचारलं, मी हो म्हटलं. त्याच वेळी एवढं सांगितलं असतं तर ह्या घरावर ही वेळ आली नसती. माझी चूक आहे, ताई.”

आईने त्याच्याकडे बघितलं. ह्या वेळी तिने तोंड फिरवलं नाही.

“इथे बघा,” वेणी एकदम म्हणाली. ती संगणकाला नाक लावून उभी होती. “हे कडेचे दोन खांब. वर्तमानपत्रात हे नव्हतेच. ह्यांच्यामध्ये साखळी कुठे आहे?”

खोलीत सगळे पुढे वाकले. खांबांमध्ये काही नव्हतं.

“साखळी लावलेली होती आणि मृत कामगाराने ती ओलांडली, असा तुमचा लेखी जबाब आहे,” बाई मुकादमाला म्हणाल्या. त्यांनी रविवारच्या फोटोवर बोट ठेवलं. “काल तुमच्या खांद्यावर ही काय होती?”

मुकादम खुर्चीत मागे टेकला. “लावायला-काढायला वेळ जातो, साहेब,” तो बाईंना साहेब म्हणाला. “दिवसातून चाळीस भारे. सारखी साखळी लावत बसलो तर वरचे बोलतात. मी महिनाभर काढून ठेवली होती, चौकशीआधी काल पुन्हा लावायला आणली. मला वाटलं, काय होतंय.”

वेणी त्याच्याकडे बघत होती. तिला रडू येत नव्हतं, हेच पट्टीला भयंकर वाटलं.

बाईंनी बराच वेळ लिहिलं. मग त्या उठून टेबलाला वळसा घालून चौघांसमोर आल्या. “काल तुम्ही आत शिरलात ते चूकच होतं. तिथे तुमच्यावरही काही पडू शकलं असतं. ते मी तुमच्या घरच्यांना सांगणार आहे. पण तीस वर्षं मी चौकशा करतेय, आणि हा फोटो मीही चार वेळा बघितला होता. पट्टी लावायचं मला सुचलं नाही.” त्यांनी एकेकाशी हात मिळवला. ढब्बूने आपला हात आधी चड्डीला पुसला.

बाबांवर ठपका राहिला नाही. वेणीच्या बाबांवरही नाही. मुकादमाचं आणि त्याच्या वरच्यांचं जे व्हायचं ते पुढे झालं. बाहेर आल्यावर कामगारांनी मुलांच्या पाठी थोपटल्या, क्रेनवाल्याने ढापण्याला खांद्यावर घेतलं, आणि आई मामाला म्हणाली, “किती वाळलास. जेवायला चल.”

बाबा मात्र कुणाला भेटायला थांबले नाहीत. ते वेणीला म्हणाले, “तुला घरी सोडतो.” पट्टी त्यांच्यामागून गेली. अपघातानंतर ते त्या घरी गेले नव्हते. कोणत्या तोंडाने जाणार होते?

दार वेणीच्या आईने उघडलं. बाबांना बघून तिने पदर मुठीत आवळला.

“आई, पट्टीचे बाबा आलेत,” वेणी म्हणाली. “ते जवळ नव्हते गं. लांब होते. आम्ही मोजलं.”

बाबांनी मान वर केली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा पट्टीने त्यांचा चेहरा नीट बघितला.

“हो, वहिनी,” ते म्हणाले. “लांब होतो. पोचता आलं नाही मला.” आणि तो एवढा मोठा माणूस दारातच ढसाढसा रडायला लागला. वेणीच्या आईने दाराची दुसरी फळी उघडली आणि त्यांना आत बोलावलं.